शेजाऱ्याला जेवायला बोलावणं आणि येशूविषयी बोलणं: सीमाभागातल्या ख्रिस्ती कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि पलीकडे हल्याळ-जोयडा. या पट्ट्यातल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांतून जे प्रश्न फिरून फिरून येतात, त्यांची ही उत्तरं आहेत. मंडळी, म्हणजे चर्च, कोणतीही असो, बहुतेक उत्तरं सारखीच लागू पडतात. जिथे मंडळ्यांमध्ये मतभेद आहे, तिथे तसं सांगितलंय.

मैत्री करायची ती येशूविषयी सांगण्यासाठी. मग ती मैत्री की गळ?

जिचा हिशेब ठेवला जातो, ती मैत्री गळच. ओळखायची खूण सोपी आहे. समोरच्याने तोंडावर सांगितलं, "तुमच्या धर्माचं काही आम्हाला सांगू नका," तर पुढच्या महिन्यात तुम्ही त्याला जेवायला बोलावणार का? उत्तर "नाही" असेल, तर पहिल्यांदाही बोलावू नका.

उलट्या बाजूची चूकही तितकीच होते. काही घरं पाहुणे येणार म्हटल्यावर भिंतीवरचा क्रूस काढून ठेवतात, जेवणाआधीची प्रार्थना गाळतात आणि सहा महिन्यांनी एकदम विषय काढतात. मग पाहुण्याला वाटतं, एवढे दिवस हे मनात ठेवून होते. पहिल्याच भेटीत घर जसं आहे तसं दिसू द्या. जेवणाआधी प्रार्थना करायची सवय असेल, तर "आम्ही जेवणाआधी देवाचे आभार मानतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे" असं सांगून खरोखर अर्ध्या मिनिटात संपवा. त्या प्रार्थनेत पाहुण्याच्या तारणासाठी विनवणी नको. ते प्रवचनच झालं, फक्त डोळे मिटून केलेलं.

सगळ्यात नुकसान करणारा प्रकार म्हणजे वाढदिवस म्हणून बोलावायचं आणि केक कापण्याआधी कोणीतरी उभं राहून पाऊण तास संदेश द्यायचा. पाहुण्याला उठता येत नाही, कारण ताट अजून वाढलेलं नसतं. तो पुन्हा येत नाहीच, गल्लीभर सांगतो तेही वेगळं. प्रार्थना असेल तर बोलावतानाच सांगा: "रविवारी सहाला प्रार्थना आहे, साडेसातला जेवण. नुसतं जेवणाला आलात तरी चालेल." आणि साडेसातला आलेल्याला तेवढ्याच आनंदाने आत घ्या.

दहा वर्षं शेजारी राहतो, पण "काय, बरं हाय न्हवं?" पलीकडे बोलणं जात नाही. सुरुवात कशी करायची?

काहीतरी मागा. शिडी, विळी, कढीपत्त्याची डहाळी, पाणी सोडणाऱ्याचा फोन नंबर. आपल्याला वाटतं की आपण द्यायला जावं. पण नुसतं देणारा माणूस शेजाऱ्याला जड होतो. येशूने शोमरोनी स्त्रीशी बोलणं सुरू केलं ते तिच्याकडे पाणी मागून (योहान ४). शिष्यांना पाठवलं तेही थैली न देता, समोर वाढतील ते खा असं सांगून (लूक १०). ते यजमान म्हणून नाही, पाहुणे म्हणून गेले होते.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं आणि १९०४ मध्ये ते मेथडिस्ट मिशनकडे गेलं. सेंट पॉल्स शाळा १८५६ ची. दोनशे वर्षं लोकांनी ख्रिस्ती माणसाला पाहिलं ते बहुधा शाळेत किंवा दवाखान्यात, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. तिथे आपण देणारे, ते घेणारे. घराच्या उंबऱ्यावर हे उलटं व्हायला हवं, नाहीतर नातं जुळतच नाही.

मागून आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. वाटीभर शेंगदाण्याची चटणी, चार केळी, घरच्या शेवग्याच्या शेंगा, जे असेल ते घाला. मग त्यांच्याकडून काही येतं. हा डबा दोन-तीनदा फिरला की चहाला बोलवा. चहाला बोलावणं वीस-पंचवीस मिनिटांचं असतं, कोणालाच अवघड जात नाही. जेवण त्यानंतर.

"कधीतरी या की घरी" हे आमंत्रण नव्हे. वार सांगा, वेळ सांगा आणि नवरा-बायको दोघांनी जाऊन सांगा. घरात सासू-सासरे असतील तर आधी त्यांना. नुसतं व्हॉट्सअॅपवर कळवलंत, तर घरातल्या मोठ्यांना बोलावलंच नाही असा अर्थ निघतो.

जेवायला काय करावं? कोणाकडे काय चालतं हेच कळत नाही.

इथे बरीच घरं घसरतात, म्हणून सविस्तर.

आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. मराठा घरांत मांसाहार असला तरी सोमवार, गुरुवार, शनिवार पुष्कळजण पाळतात. सौंदत्तीची यल्लम्मा ज्यांची कुलदेवी, त्यांच्याकडे मंगळवार-शुक्रवार. संकष्टी, एकादशी आणि श्रावण वेगळे. नाताळच्या आसपास एक खाच हमखास असते: तेव्हा बऱ्याचदा मार्गशीर्ष चालू असतो आणि बायकांचे गुरुवार असतात. २५ डिसेंबर गुरुवारी आला आणि तुम्ही बिर्याणी केलीत, तर शेजारीण दारातूनच "नंतर येते" म्हणेल आणि तुम्ही समजाल तिला राग आलाय.

लिंगायत घरांत शाकाहार, अंडंही नाही. चिकोडी-निपाणीकडच्या जैन घरांत पाळणारा असेल तर कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा बंद, पाणी गाळलेलं आणि जेवण सूर्यास्ताच्या आत. अशा घराला रात्री आठला बोलावणं म्हणजे न बोलावणंच. त्यांना दुपारी बारा-साडेबाराला बोलवा. पण सगळेच जैन एवढं पाळतात असंही नाही. माळकरी वारकऱ्याचंही तसंच, कोणी नुसतं मांस-मासे सोडलेले, कोणी कांदा-लसूणही. म्हणून अंदाज न बांधता सरळ विचारा: "तुमच्याकडं काय चालत नाही तेवढं सांगा, म्हंजे मला रांधायला बरं." विचारण्याने कोणी रागावत नाही, न विचारता वाढल्याने रागावतात. मुसलमान पाहुण्यांसाठी मटण हलाल दुकानातलंच आणा आणि तसं आधी सांगा. पाहुणे सरमिसळ असतील तर त्या दिवशी घरात मांस शिजवूच नका, आणि बीफ-पोर्कचा तर विषयच नको.

भांड्यांची गोष्ट बोलून दाखवत नाहीत, पण मनात असते. ज्या कढईत काल सुकं मटण केलं, तिच्यात आज तळलेली भजी शाकाहारी माणसाच्या घशाखाली उतरत नाहीत. एक तवा, एक कढई, एक पातेलं, सुरी-पाट आणि सहा स्टीलची ताटं वेगळी ठेवा. त्यांना मांस लागलेलं नाही हे मोकळेपणाने सांगता येतं. तळणीचं तेलही ताजं घ्या.

आठ माणसांचं साधं शाकाहारी जेवण: सव्वा किलो जोंधळ्याचं पीठ (किलोला बारा-तेरा भाकऱ्या), सहाशे ग्रॅम तांदूळ, दीड किलो वांगी, आमटीला तीनशे ग्रॅम तूरडाळ, एक लिटर दह्याचं ताक, चटणी, कांदा चालत असल्यास कांदा. गोडाला बेळगावचा कुंदा अर्धा किलो पुरतो. भाकऱ्या आधी करून ठेवू नका, पाहुणे बसल्यावर तव्यावरून थेट ताटात. मात्र भाकऱ्या थापणारी बाई शेवटपर्यंत चुलीपाशीच राहिली, तर पाहुणीशी बोलणार कोण? निम्म्या भाकऱ्या झाल्या की दुसऱ्या कोणीतरी तवा सांभाळावा. घरच्या पुरुषाला भाकरी थापता येत नसेल, तर भाजता तरी यावी.

नाताळचा केक शेजाऱ्यांना देतो, पण खातात की नाही कळत नाही.

बहुधा मोलकरणीला देतात. कारण अंडं, आणि काळ्या फळांच्या केकात रम असते हे आता सगळ्यांना माहीत झालंय. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या बिनधास्त द्या, त्या कोणालाही ओळखीच्या. केक द्यायचाच असेल तर बिनअंड्याचा करा: एक वाटी दही, पाऊण वाटी साखर, त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा. हे पाच मिनिटं ठेवलं की फेसाळून वर येतं. फेस आला नाही तर सोडा जुना आहे, पुढे जाऊ नका, केक विटेसारखा बसेल. मग अर्धी वाटी तेल, दीड वाटी चाळलेला मैदा, थोडी वेलची. १८० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं. ओव्हन नसेल तर कुकरमध्ये, शिट्टी आणि रिंग काढून, मंद आचेवर पाऊण तास. डब्यावर "अंडं नाही, दारू नाही" अशी चिठ्ठी चिकटवा, मराठीत आणि कन्नडमध्ये. सुतकात असलेल्या घरी गोडाचा डबा नेऊ नका.

ते येतात, बसतात, पण पाणीसुद्धा घेत नाहीत.

मनाला लावून घेऊ नका आणि आग्रहही करू नका. सोललेली केळी-संत्री नको, अख्खी फळं पुढे ठेवा. नारळपाणी, सीलबंद बाटली. तेही नको म्हणाले तर गप्पा मारा. आणि तुम्ही त्यांच्याकडे जाल तेव्हा त्यांनी दिलेलं पोटभर खा. काही घरांत हा उंबरा ओलांडायला दोन-तीन वर्षं लागतात. जात पाळणाऱ्याला जेवणाच्या ताटावरून उपदेश करू नये. आपल्या मंडळीतही लग्न जुळवताना जात निघते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

त्यांच्या सणाला बोलावलं तर जावं का? प्रसादाचं काय?

जावं. गणपतीत, शिवजयंतीचे चित्ररथ बघायला, दिवाळीच्या फराळाला, ईदच्या शीरकुर्म्याला, बसवजयंतीला. बोलावलेल्या घरी न जाणं म्हणजे आपलं तेवढं खरं, असं सांगणं.

प्रसादाबाबत मंडळ्यांत एकमत नाही. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात, आठव्या आणि दहाव्या अध्यायात, हाच प्रश्न घेतलाय. तिथे दोन्ही धागे आहेत: वाढलेलं चौकशी न करता खा, आणि हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नको. फराळ, जेवण, लग्नाची पंगत याला बहुतेकांची हरकत नसते. आरतीनंतर हातावर दिलेला प्रसाद काही घेतात, काही घेत नाहीत. घेणार नसाल तर आरतीच्या वेळेनंतर जा, म्हणजे प्रश्नच उभा राहत नाही. समोर आलाच तर हात जोडून, हळू आवाजात, "आमच्याकडं हे घेत नाहीत, पण फराळ मात्र मी खाणार" एवढं पुरे. घेऊन मागे नेऊन टाकणं सगळ्यात वाईट. कोणीतरी पाहतंच.

कोणत्या भाषेत बोलावं?

पाहुण्याच्या. आपलं कन्नड मोडकं असलं तरी दारात "बर्री, कुंद्री" म्हणा, जेवताना "ऊटा माड्री" म्हणा, आणि तो "साकु" म्हणाला की हात थांबवा. पुढचं बोलणं मराठीत झालं तरी चालतं. इथली कितीतरी घरं आईशी एका आणि बापाशी दुसऱ्या भाषेत बोलतात. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, १ नोव्हेंबरला सरमिसळ बैठक ठेवू नका. कोणाचा राज्योत्सव, कोणाचा काळा दिन, आणि तुमच्या ओसरीवर भाषेचा खटला. दोन, शुभवर्तमानाची प्रत देण्याआधी वाचणाऱ्याची शाळा विचारा. घरात मराठी बोलणारा पण कन्नड माध्यमात शिकलेला मुलगा देवनागरी अडखळत वाचतो, त्याला कन्नड प्रतच द्या. आपण 'पवित्र शास्त्र' म्हणतो त्याला कन्नडमध्ये 'सत्यवेद' म्हणतात, हेही माहीत असू द्या.

मग येशूविषयी बोलायचं तरी कधी? आणि कसं?

विचारल्यावर. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) सांगितलंय तेही विचारणाऱ्याला उत्तर देण्याबद्दल, आणि सौम्यतेने. आपल्या भागात लोक विचारतातच. "तुमच्यात मयताला दिवस घालत नाहीत म्हणे?" "रविवारी एवढं काय सांगतात?" "तुम्ही कुंकू का लावत नाही?" हेच दरवाजे. पण विचारलं तेवढंच सांगा. कुंकवाचं विचारलं म्हणून उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत नेऊ नका. तसं पाहिलं तर सगळ्याच ख्रिस्ती बायका कुंकू टाळतात असंही नाही, तेही खरं सांगा.

स्वतःची साक्ष तीन मिनिटांत बसवून ठेवा: आधी काय बोच होती, येशूविषयी काय कळलं, आज काय बदललं आणि काय अजून बदललेलं नाही. शेवटचा भाग लोक गाळतात, पण विश्वास बसतो तो त्यावरच. जो शेजारी तुमचा बायकोवर चढलेला आवाज भिंतीपलीकडून ऐकतो, त्याला "आता माझ्यात राग उरलाच नाही" असं सांगू नका. "पूर्वी आम्ही दगडधोंड्यांना नमस्कार करायचो" हे वाक्य तर कायमचं टाकून द्या. तुम्ही स्वतःबद्दल बोलता, पण ऐकणाऱ्याच्या आईचा देव्हारा त्यात येतो.

शब्दांचीही फार गंमत होते. चर्चमध्ये रोज वापरलेले शब्द बाहेर भलताच अर्थ घेऊन उभे राहतात. 'तारण' म्हटलं की शेतकऱ्याला सोसायटीचं कर्ज आणि सातबारा आठवतो. 'नवा जन्म' म्हणजे पुनर्जन्म, मग तो विचारतो, "म्हंजे तुमच्यात पण चौऱ्याऐंशी लक्ष योनी?" 'पाप' म्हणजे खून-दरोडा, आणि त्याने तर काहीच केलेलं नाही. 'मंडळी' म्हणजे बायको. 'साक्ष' कोर्टात असते. यांच्या जागी सांगून बघा: देवाने सोडवलं, आतून नवं केलं, जे वागायला हवं ते वागता येत नाही, आमची चर्चची माणसं. लांब पडतं, पण पोहोचतं.

त्याहून चांगलं म्हणजे गोष्ट सांगा. लूकच्या पंधराव्या अध्यायातली धाकट्या मुलाची गोष्ट शेतकरी घरात एकदा सांगून पाहा. बाप जिवंत असताना वाटणी मागितली, एवढ्यावरच ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. इथे प्रत्येकाच्या भावकीत एखादी वाटणी झालेली असते. बाप धावत गेला, हे सांगितल्यावर थांबा. अर्थ लगेच फोडून सांगू नका. चहाचा कप रिकामा होईपर्यंत शांतता राहिली तरी राहू द्या.

आणि तुम्हीही विचारा. वारीहून आलेल्याला विचारा, पंढरपुरात पोहोचल्यावर काय वाटतं. उत्तर ऐका, मध्येच आपलं जोडू नका. ऐकून घेणं ही युक्ती नव्हे. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं नसेल, तर समोरच्याला ते दिसतं.

शेजारी आजारी आहे. जाऊन प्रार्थना करू का?

आधी डबा न्या आणि रात्री दवाखान्यात थांबायला माणूस लागतोय का ते विचारा. मग घरच्या मोठ्या माणसाला विचारा: "तुमची हरकत नसेल तर दोन मिनिटं प्रार्थना करू का?" हो म्हणाले तरच, दोनच मिनिटं, हळू आवाजात. विचारल्याशिवाय डोक्यावर हात ठेवायचा नाही. तेल लावायचं नाही. "विश्वास ठेवला तर बरे व्हाल" असं वचन द्यायचं नाही, कारण बरं झालं नाही तर दोष आजारी माणसाच्या विश्वासावर येतो. गोळ्या, इन्शुलिन, टीबीचा कोर्स थांबवण्याविषयी अवाक्षर नको. कोणी स्वतःहून थांबवला असेल तर त्याला डॉक्टरकडे तुम्हीच घेऊन जा.

अडचणीत पैसे, किराणा, मुलांची फी द्यावी का?

शेजारी म्हणून जे दुसऱ्या कोणालाही दिलं असतं, ते द्या. पण ज्या दिवशी मदत, त्या दिवशी येशूचा विषय नाही. शुभवर्तमानाची प्रत किराण्याच्या पिशवीत घालू नका. मंडळीच्या निधीतून मदत जात असेल तर सगळ्या धर्मांच्या गरजूंना एकाच नियमाने द्या, निर्णय एकट्याने न घेता तिघांनी घ्या आणि वहीत नोंद ठेवा. उपासनेला हजर राहण्याशी कोणतीही मदत जोडू नका. यात फक्त कायद्याची भीती नाही. पोटासाठी मान डोलावणारा माणूस खरं काय वाटतं ते तुम्हाला कधीच सांगणार नाही.

कायदा नेमकं काय म्हणतो?

राज्यघटनेचं कलम २५ धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे.

कर्नाटकात २०२२ साली धर्मस्वातंत्र्य हक्क संरक्षण कायदा आला. त्याचं विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते इथेच, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये, डिसेंबर २०२१ मध्ये. बळजबरी, फसवणूक, दबाव, आमिष किंवा लग्न यांच्याद्वारे धर्मांतर करणं त्यात गुन्हा आहे. 'आमिष' या शब्दाची व्याप्ती नीट वाचा: भेटवस्तू, पैसा, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळेत मोफत शिक्षण, लग्नाचं वचन, चांगल्या राहणीमानाचं वचन, देवाच्या कोपाची भीती, आणि एका धर्माच्या तुलनेत दुसऱ्याच्या चालीरीती हीन ठरवणं. शिक्षा तीन ते पाच वर्षं आणि २५ हजार रुपये दंड. अल्पवयीन, स्त्री, मानसिकदृष्ट्या अक्षम व्यक्ती किंवा अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल तर तीन ते दहा वर्षं आणि ५० हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तक्रार नातेवाईक करू शकतात, सहकारीही करू शकतो. आणि धर्मांतर गैरमार्गाने झालं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर.

१५ जून २०२३ रोजी राज्य मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करायचं ठरवलं. पण मंत्रिमंडळाचा निर्णय म्हणजे विधिमंडळाने केलेली दुरुस्ती नव्हे. त्यामुळे "तो कायदा गेला" या ऐकीव माहितीवर कोणीही पाऊल टाकू नये. बाप्तिस्म्याचा प्रश्न आला की त्या दिवशीची स्थिती वकिलाकडून लेखी घ्या. चंदगड किंवा गडहिंग्लजला जाऊन केलं तर चालेल, असली पळवाटही सुचवू नका. तिथे राज्य वेगळं, कायदा वेगळा, आणि लपूनछपून केल्याचा वास मात्र दोन्हीकडे तोच.

शेजाऱ्याला जेवायला बोलावणं, विचारल्यावर आपल्या विश्वासाविषयी सांगणं, यात गुन्हा नाही. जेवणाला अट जोडली की भानगड सुरू होते.

कोणी स्वतःहून बाप्तिस्मा मागितला तर?

आनंद करा आणि घाई करू नका. २०२२ च्या कायद्यानुसार धर्म बदलणाऱ्याने आणि विधी करणाऱ्यानेही जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे किमान ३० दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात कळवायचं असतं. त्याखेरीज आपल्याकडून वर्षभर तरी शिकवण आणि सहवास व्हावा.

काय गमवावं लागेल ते आधी सांगा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध व्यक्तींना मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर ते आरक्षण राहत नाही. मुलाची मेडिकलची सीट किंवा नोकरी त्यावर उभी असेल, तर हे बाप्तिस्म्यानंतर कळणं म्हणजे आपण केलेली फसवणूक. "कागदावर तसंच राहू दे, कोणाला कळतंय" हा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो देऊ नका. उद्या दाखला तपासणीला गेला की भोगायचं त्या कुटुंबाला.

घरच्यांना न सांगता उरकू नका. नाव बदलायची गरज नाही. गणपत हा गणपतच राहून विश्वासी असू शकतो.

शेजारची मुलं नाताळच्या कार्यक्रमाला यायचं म्हणतात.

आईबापांना स्वतः भेटून, कार्यक्रमात काय आहे ते सांगून, लेखी हो घ्या. आई किंवा बाप सोबत आले तर उत्तम. मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेणं, गुडघे टेकायला लावणं, चॉकलेट देऊन वचन पाठ करून घेणं, यातलं काही नको. अल्पवयीन मुलाशी विश्वासाबद्दल आईबापांच्या पाठीमागे बोलायचं नाही. याला अपवाद नाही.

एकट्या बाईच्या घरी पुरुषाने जावं का?

नाही. जोडीने जा, किंवा बायकांनी बायकांकडे. दार उघडं ठेवून ओसरीवर बसा. रात्री उशिरा चॅटिंग नको. अशा गोष्टींत गाव एकदाच ठरवतं.

कोणी चिडून दारात आलं तर?

वाद घालू नका, व्हिडिओ काढत त्यांच्या अंगावर जाऊ नका. घरातल्या वयस्क माणसाने पुढे व्हावं, बसायला सांगावं, ऐकून घ्यावं. "तुम्हाला काय खटकलं?" हे खरंच विचारा. कधी कधी तक्रार रास्त असते: लाऊडस्पीकर, गाड्या गल्लीत आडव्या लावलेल्या, मुलाला परस्पर नेलेलं. रास्त असेल तर तिथेच माफी मागा. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला मनाई सगळ्यांनाच आहे. भाड्याच्या घरात नियमित प्रार्थना घेत असाल तर मालकाची लेखी संमती आधीच घ्या. मारहाणीची वेळ आली तर ११२. अशा वेळी दहा वर्षांचा डब्यांचा व्यवहार असलेला शेजारी मध्ये उभा राहतो. तेवढ्यासाठी डबे पाठवू नयेत, हे वेगळं सांगायला नको.

जेवणाचे फोटो मंडळीच्या ग्रुपवर टाकावेत का?

नाही. "सेवेचा अहवाल" म्हणून तर अजिबात नाही. पाहुण्याचा चेहरा, नाव, आडनाव बाहेर जाता कामा नये. तो फोटो फिरत फिरत त्याच्या चुलत्याच्या फोनवर पोहोचतो, आणि मग तो जेवायला आलेला माणूस राहत नाही, 'केस' होतो.

पाच वर्षं येणंजाणं आहे, पण विश्वासाकडे कोणी वळलं नाही. काही चुकतंय का?

त्यांच्या घरात कोणी वारलं तेव्हा त्यांनी तुम्हाला रात्री फोन केला का? मुलीच्या स्थळाबद्दल विचारलं का? केलं असेल तर नातं खरं आहे. विश्वास देणं आपल्या हातात नाही आणि त्याची मुदतही आपण ठरवायची नसते. कोणी कधीच विश्वासाचं काहीच विचारत नसेल, तर मात्र तपासून बघा: तुम्ही घरात कधी येशूचं नाव सहज, न ओढूनताणून घेता का, की ते फक्त चर्चच्या आवारात ठेवून येता?

घर दोन खोल्यांचं आहे. टेबल नाही, सोफा नाही. कोणाला काय बोलावणार?

सतरंजी आहे ना? चौघांनाच बोलवा. मुलांना आधी जेवू घाला, मग मोठ्यांची पंगत. दहा कप चहाला अर्धा लिटर दूध, पाऊण लिटरला थोडं कमी पाणी, दहा चमचे साखर, आठ-दहा चमचे पावडर, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेचून. आलं पाण्यातच उकळा आणि दूध नंतर घाला, नाहीतर दूध फाटतं. साखर वेगळी द्यायची झाल्यास आधीच ठरवा, आता प्रत्येक घरात एकाला तरी डायबिटीस आहे. टीव्ही बंद करा. कॉलेजची बाहेरगावची मुलं गावात भाड्याने राहत असतील तर त्यांना तर सतरंजीच आवडते. मेसच्या चपातीला कंटाळलेल्या पोरांना रविवारी दुपारी गरम भात-आमटी, लोणचं आणि जेवल्यावर तासभर लवंडायला जागा. जाताना रिकामा डबा त्यांच्या हातात देऊन सांगा, "पुढच्या वेळी हा घेऊन या, भरून नेता येईल."